चालत नेलेल्या सायकली

साळवेअण्णा माणसाला आधी नजरेने तोलत आणि मग त्याचं नाव विचारत. परतूरच्या एका जिनिंगमध्ये ते काट्यावर कारकून होते. हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या तोलायच्या, आकडे ओरडून सांगायचे, आणि शेतकरी व अडत्या यांचं भांडण लागलं की मध्ये उभं राहायचं. त्यामुळे आवाज मोठा आणि अंगकाठी अगदी किरकोळ. किलो येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी माणसांच्या बाबतीत अण्णांनी मण सोडला नव्हता.

"दीड मण," मला पाहिल्याबरोबर ते म्हणाले. "त्यात दहा शेर नुसतं भ्या हाय. ते उतरवू आपण."

मी तेव्हा तहसील कचेरीत नवा लागलो होतो. परतूर त्या काळी परभणी जिल्ह्यात होतं, जालना जिल्हा व्हायचा होता. मोठा दुष्काळ सरून दोन-एक वर्षं झाली होती. माझं गाव परतूरपासून पाच-सहा कोसांवर, घनसावंगीच्या बाजूला. घरात जमीन, बैलगाडी, गडीमाणसं. पण चोविशी उलटली तरी मला सायकल येत नव्हती. आई लहानपणी गेली, मला विधवा आत्याने वाढवलं, आणि पोरगं पडेल या धास्तीने तिने मला कधी सायकलला हात लावू दिला नाही. कचेरीतले लोक त्यावरून हसत. त्यांच्यातलाच एक जण मला चेष्टेने अण्णांच्या ताब्यात देऊन गेला.

दर रविवारी सकाळी जिनिंगच्या फाटकाशी अण्णांची मंडळी जमे. हमीदभाई शिंपी, शाळेतले दोन मास्तर, स्टेशनवरचा एक हमाल, आणि कधी कोण तर कधी कोण. मंडळाला नाव नव्हतं. समोरच्या हॉटेलातले लोक ओरडत, "निघाली साळव्याची वरात!"

"वरातच हाय!" अण्णा ओरडून सांगत. "नवरदेवाची जागा रिकामी हाय. या, बसा क्यारेजवर!"

या वरातीचं काम एकच होतं. दरवर्षी माघात परतूरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरे. शहरातून डॉक्टर येत, मोतीबिंदू फुकट काढत. पण खेड्यापाड्यांतल्या आंधळ्या झालेल्या म्हातार्‍यांना तिथवर आणायचं कुणी? एसटी फाट्यापर्यंत यायची, तीही आली तर. घरातल्या धडधाकट माणसाला रोजगार बुडवणं परवडत नसे, आणि ज्यांना परवडे त्यांना सुचत नसे. मग अण्णांची मंडळी गावोगाव जाऊन एकेकाला क्यारेजवर बसवून घेऊन यायची. वर्षभराचे रविवार त्या दोन-चार दिवसांची तयारी करण्यात जात. कुठल्या गावात कुणाला दिसत नाही ते विचारायचं, घरच्यांना पटवायचं, आणि नवे सायकलवाले तयार करायचे.

हे त्यांनी का सुरू केलं, ते मला एकदाच सांगितलं, तेही चेन पुसता पुसता. "माझी माय आंधळी झाल्ती. शिबिर लागलं तवा मला सुट्टी न्हाई भेटली. भेटली तवा मी सायकलवर मायला घेऊन आलो. शाळेत गेलो तर मास्तर पोरांना पाढे शिकवून राह्यला होता. डॉक्टर आदल्या दिशी गेल्ते." एवढं बोलून त्यांनी पेडल उलटं फिरवून पाहिलं. "मायला म्हणलं, पुढच्या साली. तिनं पुढचं साल काही धरलं न्हाई."

शिकवण्याची त्यांची रीत निराळी होती. जिनिंगच्या मोकळ्या अंगणात ते सरकीची पोती ओळीने आडवी टाकत आणि शिकाऊ माणसाला आधी सायकल चालवायला नव्हे, पडायला लावत. "पड. सरकीवर पड. आता त्या अंगाला पड. बरं लागलं का? लागलं न्हाई ना? मंग आता भ्यायचं कशाला?" मी पहिल्या रविवारी फक्त पडलो. दुसर्‍या रविवारी मी हँडल धरून चार वाव अंतर गेलो आणि पडलो. अण्णांच्या मंडळीत पडणार्‍याला कुणी हसत नसे. हसणार्‍याला त्या दिवशी सगळ्यांच्या चाकांत हवा भरावी लागे.

तोल सावरायला लागला की क्यारेजवर सरकीचं अर्धं पोतं बांधलं जाई. "ही तुझी आज्जी," अण्णा सांगत. "आज्जीशी बोलत चल. खड्डा आला की आज्जीला आधी सांग, मंग खड्ड्यात जा." आणि खरोखरच सगळे त्या पोत्याशी बोलत. "आज्जे, दगड हाय हां, आज्जे, उतार लागला." हमीदभाई तर त्याच्याशी दखनीत बोलत, "अम्मा, पकडके बैठो, आगे नाला है." रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत. मला त्याची इतकी लाज वाटे की मी पुटपुटत असे. अण्णा मागून ओरडत, "कारकूनसाहेब, आज्जी बहिरी हाय! मोठ्यानं!"

आणि रस्त्यावर निघताना एक नियम असे: सगळ्यांत कच्चा गडी पुढे. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. स्टेशनवरचा हमाल बैलासारखा दमदार होता, त्याला हा नियम जाचे. "अण्णा, अशानं पोचायला दुपार व्हती," तो कुरकुरे.

"व्हवू दे. मागं टाकलेला माणूस घरी निघून जातो. पुढं ठेवलेला जातो का कुठं? त्याच्या मागं आपण सगळे हावोत."

अशा रीतीने त्या माघात सगळ्यांच्या पुढे मी होतो, आणि आम्ही माझ्याच गावाला निघालो होतो. माझ्या आत्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत ती घरभर फिरे. तिच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. अण्णांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण हाय का न दिसणारं?" तेव्हा कुठे मला आत्या आठवली. ज्या बाईने मला वाढवलं तिच्याबद्दल मला दुसर्‍याने विचारावं लागलं, हे लिहायलाही जड जातं.

अंगणात सायकली उभ्या राहिल्या. थोरला भाऊ, म्हणजे आमचे दादा, ओसरीवर आले. अण्णा बौद्ध, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दादांनी मला बाजूला घेतलं खरं, पण आवाज बाजूला घेतला नाही.

"आत्या काय त्याच्या सायकलवर बसणार? त्याच्या पाठीला धरून? लोक काय म्हणतील, काही विचार?"

मी जमिनीकडे पाहत होतो. अण्णा क्यारेजवर गोधडीची घडी बसवत होते. त्यांनी ऐकलं नसेल असं म्हणायला काहीही वाव नव्हता. तेवढ्यात चौकट धरून उभ्या असलेल्या आत्यानेच विचारलं, "कुणाची सायकल हाय म्हणं?"

"साळव्याची," दादा म्हणाले.

"मला कुठं दिसून राह्यलंय ती कुणाची हाय ते? तुझी सायकल असती तर तिच्यावर बसले असते. तुझी कुठंय?"

अण्णा पुढे झाले. "आत्याबाई, मणभरच भरता तुम्ही. लुगड्याचा घोळ वर घ्या, चाकात जाईल. आन् मला घट्ट धरा, मी पण काही फार जड न्हाई."

वाटभर अण्णा तिला खड्डे सांगत होते आणि ती त्यांना शिव्या देत होती, कारण खड्डा सांगूनही बसतच होता. मी पुढे होतो, माझ्या क्यारेजवर सगळ्यांच्या गोधड्या आणि भाकरी. आत्याच्या मागोमाग गावचे आणखी चार-पाच म्हातारेकोतारे. एकही पडला नाही.

शस्त्रक्रिया नीट झाल्या. एका डोळ्यावर पट्टी बांधून आठवडाभर सगळे शाळेच्या वर्गांत गवतावर पडून होते. दुसरा डोळा पुढच्या वर्षी. आणि मग घरी सोडायच्या दिवशी आमची चूक उघडी पडली.

अण्णा गोधड्या बांधायला लागले होते. तरुण डॉक्टरांनी पडवीतून ते पाहिलं. "हे काय? यांना सायकलवर नेणार?"

"व्हय. आणलं तसं नेणार."

"कच्च्या रस्त्यानं? अहो, डोळ्यात टाके आहेत. एक जोराचा दणका बसला की टाका तुटेल, आणि गेलेला डोळा पुन्हा येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

अण्णांच्या हातातली दोरी तशीच राहिली. वर्षभर सरकीची पोती वाहून आम्ही आणण्याचा सराव केला होता, परत नेण्याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता. आजवरचे म्हातारे परतूरच्या आसपासचे, त्यांना नातेवाईक येऊन हळूहळू घेऊन गेले होते. ही गावं लांबची होती. बैलगाडी तर त्या रस्त्यावर अंग खिळखिळं करते. एसटी फाट्यापर्यंत, पुढे तेच. आणि शाळा दुसर्‍या दिवशी भरायची होती, वर्ग रिकामे करून हवे होते.

"सगळ्यांच्या घरी मी शब्द दिल्ता," अण्णा कुणालाच न उद्देशून म्हणाले. "नेतो तशी आणून सोडतो म्हणून."

"मग दोन-चार दिवस यांना कुठं तरी ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"ठेवले असते. दोन दिसानं टाके सुकतेत का?"

"नाही. महिना तरी जपावं लागेल."

अण्णा पायरीवर बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हमीदभाईंनी विडी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. थोड्या वेळाने ते उठले, आपल्या सायकलीच्या मागच्या चाकाची अर्धी हवा सोडली, अंगठ्याने टायर दाबून पाहिलं, क्यारेजवर दोन गोधड्या चढवल्या आणि सायकल पडवीपाशी आणून उभी केली.

"डॉक्टरसाहेब, बसा."

"कोण, मी?"

"तुम्ही. अन् हे हातात धरा." शेजारच्या टपरीवरून त्यांनी काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास मागवला होता. "मी सायकल चालवणार न्हाई. हातानं धरून चालत नेतो. मैदानाला एक फेरी. चहा सांडला तर तुमचं बराबर, मी गप बसतो."

डॉक्टर हसले, मग अण्णांच्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले आणि पांढर्‍या कोटासकट क्यारेजवर बसले. पट्टी बांधलेले म्हातारे पडवीत एका डोळ्याने पाहत होते, ज्यांना दुसर्‍यानेही दिसत नव्हतं ते शेजार्‍याला विचारत होते, "सांडला का? सांडला का?" मैदानाच्या टोकाला दगडगोटे होते, तिथे चहा सांडला. अण्णा थांबले.

"सांडला," डॉक्टर म्हणाले.

"व्हय. पाठीला धरायला माणूस पायजे." त्यांनी मला हाक मारली. "साहेब, डॉक्टरच्या पाठीला एक हात, क्यारेजला एक हात. दगड दिसला की चाक उचलायचं. पाडायचं न्हाई, ठेवायचं." आणखी थोडी हवा सोडली, ग्लास पुन्हा काठोकाठ भरून आला, आणि आम्ही पुन्हा निघालो. दगडांपाशी मी चाक उचललं आणि पलीकडे ठेवलं. पडवीपाशी आल्यावर डॉक्टरांनी भरलेला ग्लास सगळ्यांना दाखवला आणि तो पिऊन टाकला.

"इतकं हळू," ते म्हणाले, "घरापर्यंत? तुम्हाला दिवस लागेल."

"आमाला हळूचीच सवय हाय," अण्णा म्हणाले.

एका सायकलीला दोन माणसं लागणार होती, म्हणून दोन्ही मास्तर शाळेतून रजा टाकून आले, हमीदभाईंनी दुकान बंद करून आपल्या भावालाही आणलं, आणि अण्णांकडे सायकल शिकून गेलेले जुने गडीही हाकेला आले. सकाळी उजाडल्यावर आम्ही बाजारातून निघालो. धडधाकट सायकली हाताने ढकलत, मऊ पडलेल्या टायरांवर, मुंगीच्या चालीने. हॉटेलातले लोक बाहेर आले.

"काय साळवे, सगळ्यांच्याच पंक्चर झाल्या का?"

"व्हय," अण्णा मान न वळवता म्हणाले. "एकदमच झाल्या."

त्या दिवशी कच्चा आणि पक्का हा भेद राहिला नाही. हमाल, जो एरवी दोन तासांत गाव गाठायचा, तोही माझ्याइतकाच हळू चालत होता आणि माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता, कारण जोर न करणं हेच त्याला जड जात होतं. अण्णा सायकल सोडून मागेपुढे फिरत राहिले. कुणाचा हात ढिला पडला की तिथे हजर. बोलायचं मात्र सगळ्यांना सक्तीचं होतं. "म्हातारीला सांगा, दगड हाय, उचलून राह्यलो." दुपारी बाभळीखाली भाकरी खाल्ल्या. पुढे रस्ता उतरता झाला, तिथे सायकल मागे ओढून धरताना हमीदभाईंच्या तळहाताची सालं निघाली. आत्या न हलता बसली होती. डोळ्याचं काय होईल, असं एकदाच तिने विचारलं. अण्णांनी खोटा धीर दिला नाही. "चष्मा लागल्यावर कळंल. तवर हलू नका."

गावाच्या अलीकडे ओढा आहे. येताना तो आम्ही दणके खातच पार केला होता. आता दरड, खाली गुडघाभर पाणी आणि गुळगुळीत दगड. सायकल नेणं शक्य नव्हतं. कुणी तरी गावात वर्दी दिली असावी, दादा ओढा ओलांडून अलीकडच्या काठावर येऊन उभे होते.

"मी पाठीवर घेतो आत्याला," दादा म्हणाले.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पाठीवर दणका बसतो. पोरं पालखी करतेत तशी करू. चार हात. तुमचं मनगट द्या."

दादा थांबले. पाणी वाहत होतं. माझ्या मनात आलं की मी पुढे व्हावं, एका बाजूने मी, एका बाजूने अण्णा, म्हणजे दादांवर पाळी येणार नाही. पण अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते दादांना तोलत होते. "दोन मण," ते म्हणाले. "हेच पायजे. ह्या साहेबात दम न्हाई, मधीच पाडंल."

"अरे, काय चाललंय तुमचं?" सायकलीवरून आत्या म्हणाली. "मला थंडी वाजून राह्यली."

दादांनी बाही वर केली आणि मनगट पुढे केलं. अण्णांनी ते धरलं, दादांनी अण्णांचं. आत्या त्या चार हातांवर बसली, एक हात या गळ्यात, एक त्या गळ्यात. पाण्यातून दोघं एकेक पाऊल चाचपत गेले. पाऊल कधी टाकायचं ते अण्णा सांगत होते आणि दादा ऐकत होते. पलीकडे गेल्यावर दादांनी हात सोडवून धोतराला पुसला. तो ओला होता म्हणून पुसला की आणखी कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझी विदर्भात बदली झाली. मी अण्णांना पत्र लिहायचं ठरवत राहिलो. पाच-सहा वर्षांनी कळलं की ते गेले. म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन मला झालं ते बदलीच्या आधी, गावी.

चष्मे परतूरला आले होते. अण्णा ते घेऊन एकटेच गावोगाव फिरत होते. मी रजेवर घरी होतो. ते ओसरीच्या कडेला बसले. कागदाच्या पुडीतून जाड भिंगांचा चष्मा काढून त्यांनी आपल्या सदर्‍याने पुसला आणि माझ्या हाती दिला. मी तो आत्याच्या नाकावर चढवला. आत्याने आधी आपले हात पाहिले, वळवून वळवून. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलास रे." मग अण्णांकडे वळली.

"तूच का साळवे?"

"व्हय, आत्याबाई."

"आवाजावरून मोठा वाटला होतास. एवढासाच हायस की."

अण्णा इतके हसले की त्यांना खोकला आला. वहिनींनी चहा आणला. आम्हाला कान असलेले पांढरे कप, अण्णांना कान तुटलेला, पिवळा पडलेला. हा कप आमच्याकडे गोठ्याच्या कोनाड्यात असे. त्या हिवाळ्यात अण्णा जेवढ्या वेळा आले तेवढ्या वेळा मी तो त्यांच्या हातात पाहिला होता, आणि चहा पिऊन झाल्यावर ते तो स्वतः धुऊन कोनाड्यात ठेवत, तेही पाहिलं होतं. माझे डोळे चांगले होते. मला सगळं दिसत होतं.

आत्याने तो कप पाहिला. "ह्यो कसला कप?"

दादा उठून बैलांकडे गेले. अण्णाच म्हणाले, "माझा हाय, आत्याबाई. पहिल्यापास्नं तोच हाय."

"मी आंधळी व्हते तवा पण?"

"व्हय."

तिने हात पुढे करून तो कप त्यांच्या हातातून घेतला, आपला पांढरा कप त्यांच्यासमोर ठेवला, आणि त्या पिवळ्या कपातला चहा फुंकर घालून सगळा प्यायली. अण्णांनी पांढरा कप उचलला. मग त्यांनीही प्यायला.

"दुसरा डोळा पुढच्या माघात," उठताना ते म्हणाले. "परतीची सोय आधी बघून ठेवतो."

ते सायकलवर बसून निघाले. त्यांना आणखी दोन गावं करायची होती. मी फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आत्या ओसरीच्या पायरीवर उभी होती, खांब न धरता. ऊन चढलं होतं. वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, आत या, डोळ्याला त्रास होईल."

"थांब," आत्या म्हणाली. "अजून दिसून राह्यलाय तो."